रात्रभराचा दशावतार चित्रित करायचाय: ऐंशी हजारांत कॅमेरा आणि लेन्स कोणती?

ओवळी

नमस्कार मंडळी. मी कुडाळ तालुक्यातली. कार्तिक लागला की आमच्याकडे गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रा म्हटली की रात्रीचा दशावतार आलाच. वाडीतल्या आम्ही काही जणांनी ठरवलंय की यंदापासून आसपासच्या जत्रांतले प्रयोग नीट चित्रित करून ठेवायचे. रील नाही, अख्खा प्रयोग. आडदशावतारातल्या (म्हणजे सुरुवातीच्या भागातल्या) गणपती-संकासुरापासून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, संवाद नट उभ्या जागी रचतात. आज रात्री जे बोललं गेलं ते उद्या दुसऱ्या गावात तसंच्या तसं येत नाही. आणि आमच्याकडचे जुने नट आता सत्तरीला आलेत, म्हणून घाई.

आतापर्यंत फोनवर घेत होतो. जवळून बरं येतं, पण लांबून झूम केलं की चेहऱ्यावरचा रंग पसरतो, संकासुराच्या काळ्या कपड्यांचा नुसता डाग दिसतो आणि आवाजात मृदंगाशिवाय काही कळत नाही.

वर्गणीतून ऐंशी हजार जमलेत. त्यात कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड, कार्ड, आवाजाचं साहित्य असं सगळं बसवायचंय. दुकानदार दोन लेन्सचा किट असलेला डीएसएलआर घ्या म्हणतोय. माझा भाऊ म्हणतो मिररलेस (आत आरसा नसलेला) घे. दिवसा जुन्या नटांच्या मुलाखतीही घ्यायच्या आहेत. जाणकारांनी सांगावं.

रातकिडा

ताई, उत्तम काम हाती घेतलंय. मी कोल्हापूर भागात लग्नं आणि नाटकं शूट करतो. कॅमेऱ्याचं नाव सांगण्याआधी चार गोष्टी कळल्या पाहिजेत. कॅमेरा मांडापासून, म्हणजे प्रयोगाच्या जागेपासून, किती फुटांवर उभा राहणार? नट जेवढ्या जागेत फिरतात ती जागा किती रुंद? दिवे कसले असतात? आणि कॅमेऱ्यापर्यंत विजेचं बोर्ड येतं का? मॉडेल यातूनच ठरेल.

ओवळी

अंतर पंचवीस फूट धरा, त्याच्या पुढे बायका-मुलं खाली बसलेली असतात. मधे बाकडं, आणि त्याच्या दोन्ही बाजू धरून नटांना फिरायला साधारण अठरा फूट. पेटी-मृदंगवाले एका कडेला. दिवे एलईडी फ्लडचे, काही ठिकाणी ट्यूबलाइट, हल्ली निळे-जांभळे रंगीत दिवेही लावतात. वीज मंडपवाल्याकडून मिळते.

रातकिडा

छान, आता हिशोब मांडता येतो.

झेडव्ही-ई१०, ए६४०० वगैरे सोनीच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद असतो. पंचवीस फुटांवरून किती रुंदी चौकटीत येईल हे काढायला पंचवीसला साडेतेवीसने गुणायचं आणि लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं. ३० मिमी लेन्स लावली तर साडेएकोणीस फूट येतात, म्हणजे तुमचा अख्खा मांड. ५६ मिमीला साडेदहा फूट, म्हणजे बाकड्यावरचा राजा आणि समोर उभा असलेला एखादा नट. १६ मिमी लावली तर छत्तीस फूट येतील आणि त्यात निम्मी प्रेक्षकांची डोकी असतील. गाव बदललं, अंतर बदललं, की हाच हिशोब पुन्हा करायचा.

आता प्रकाश. किटमधली १६-५० झूम पूर्ण आत घेतलीत की तिचं छिद्र एफ ५.६ वर येतं. त्याच जागी एफ १.४ ची लेन्स सोळापट प्रकाश आत घेते. जिथे किट लेन्सला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवली की दाणे येतात) १२८०० लागेल तिथे हिला ८०० पुरतो. चेहऱ्यावरचा पसरलेला रंग आणि काळ्या कपड्यांतले दाणे याच फरकातून येतात. दुकानदार सांगतोय त्या किटमधली दुसरी लेन्स ५५-२१० किंवा ५५-२५० जातीची असेल. दिवसा पक्ष्यांचे फोटो काढायला ती चांगली, पण रात्रीच्या मांडावर ती अंधारीच पडते. तेव्हा दोन लेन्सचा किट नको, हे आधी पक्कं करा.

माझं मत: बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) वापरलेली घ्या, लेन्सला पैसे काढून ठेवा. सिग्माच्या ३० मिमी एफ १.४ आणि ५६ मिमी एफ १.४ या दोन्ही सोनीच्या ई माउंटला (लेन्स बसवायच्या खाचेला) मिळतात. पहिली २०१६ सालची, दुसरी २०१८ ची, त्यामुळे वापरलेल्या बाजारात दोन्ही फिरत असतात. एकच घ्यायची तर ३० मिमी.

कातळशिल्प

वाचतोय. आम्हाला नमन-खेळे (कोकणातलाच दुसरा लोकनाट्यप्रकार) चित्रित करायचेत, प्रश्न तेच आहेत.

तिसरा डोळा

रातकिड्यांचा लेन्सचा मुद्दा शंभर टक्के मान्य. बॉडीबाबत मात्र माझं वेगळं म्हणणं आहे.

पॅनासॉनिकचा जीएच५ बघा. २०१७ चा कॅमेरा आहे, पण व्हिडिओसाठी बांधलेला आहे. रेकॉर्डिंगला वेळेची मर्यादा नाही, तापून बंद पडत नाही. दोन कार्डं बसतात आणि पहिलं भरलं की आपोआप दुसऱ्यावर लिहायला लागतो. पूर्ण आकाराचं एचडीएमआय आहे, माइक आणि हेडफोन दोन्हीच्या जागा आहेत, हातात धरून शूट करायचं तर सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा आहे. शिवाय १० बिट रंग, म्हणजे रंगांच्या जास्त छटा. तुमचे ते निळे-जांभळे दिवे ८ बिटमध्ये पट्टे पाडतात.

या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस कच्चा आहे म्हणून लोक तो विकायला काढतात. पण तुमचा कॅमेरा एका जागी, नट एका पट्ट्यात. ऑटोफोकस हवाय कशाला? बाकड्यावर फोकस लावा आणि हात काढून घ्या.

रातकिडा

फोकस लावून सोडायचा हे बरोबर, पण किती खोलीपर्यंत स्पष्ट राहील ते लेन्सवर ठरतं. पंचवीस फुटांवर ५६ मिमी एफ १.४ ला जेमतेम तीन-साडेतीन फूट खोली स्पष्ट राहते. युद्धाचा प्रसंग आला की नट बाकड्याच्या मागून पुढे झेपावतो आणि धूसर होतो. तिथे एफ २.८ पर्यंत बंद करावी लागते, म्हणजे चारपट प्रकाश गेला. ३० मिमीला मात्र एफ १.४ वरही बारा फूट खोली मिळते. म्हणून मी पहिली लेन्स ३० सांगतोय. अख्खा मांड, छिद्र पूर्ण उघडं, फोकस बांधलेला, रात्रभर हात लावायला नको.

जीएच५ चा सेन्सर लहान आहे, त्यामुळे कमी उजेडात तो सोनीपेक्षा लवकर दाणेदार होतो. ट्यूबलाइटवर चालणाऱ्या देवळाच्या सभामंडपात हा फरक डोळ्यांना दिसतो. फ्लड लावलेल्या मोठ्या जत्रेत नाही दिसणार. आणि मुलाखतीत एकटा माणूस कॅमेरा लावून स्वतःच प्रश्न विचारत बसणार असेल तर सोनीचा ऑटोफोकस मोठा आधार आहे. बोलता बोलता आजोबा पुढे झुकले तरी डोळ्यांवरचा फोकस सुटत नाही.

तिसरा डोळा

मुलाखतीचा मुद्दा मान्य. पण सोनीची दुसरी बाजूही ताईंना कळू दे. झेडव्ही-ई१० चा सेन्सर सावकाश वाचला जातो, कॅमेरा झपकन फिरवला की देवळाचे खांब तिरके दिसतात. सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा नाही, तेव्हा ट्रायपॉड सोडून काही करायचं नाही. ४के मध्ये ३० फ्रेमला चौकट १.२३ पटीने आवळली जाते, २५ ला नाही. आणि व्ह्यूफाइंडर नाही, त्यामुळे दिवसा उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही.

रातकिडा

यातलं सगळं खरं आहे. एकच भर: २५ फ्रेम हीच आपल्याला हवी.

हे सगळ्यांनीच लक्षात ठेवण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण कॅमेरा ३० फ्रेम आणि १/६० शटरवर असेल तर चित्रात उजेडाचे पट्टे सरकताना दिसतात. नंतर संपादनात ते नीट जात नाहीत. म्हणून मेनूत पाल (२५ फ्रेमची पद्धत; ३० फ्रेमची ती एनटीएससी) निवडायचं, २५ फ्रेम आणि शटर १/५०. शटर, छिद्र, आयएसओ, व्हाइट बॅलन्स सगळं हाताने बांधून टाकायचं. ऑटोवर ठेवलंत तर संकासुर आला की चित्र उजळतं, पांढऱ्या साडीतली पात्रं आली की काळवंडतं. उजेड चेहऱ्यावर मोजा. जरीच्या टिकल्या चमकून फुटल्या तरी चालेल, चेहरा जळता कामा नये.

आणि एस-लॉग (नंतर रंग चढवण्यासाठी फिकं चित्र देणारं प्रोफाइल) वगैरेच्या नादी लागू नका. ८ बिटच्या कॅमेऱ्यात रात्री लॉग वापरला की दाणे वाढतात आणि रंग परत आणायला तासन् तास जातात. साधं प्रोफाइल वापरा.

कॅननप्रेमी

कॅननचं कोणीच नाव घेत नाहीये! माझ्याकडे एम५० आहे, फुल एचडीला रंग फार गोड येतात. नवा आर५० पण स्वस्तात आहे.

रातकिडा

कॅननचे त्वचेचे रंग चांगले, वादच नाही. पण एम५० ४के वर टाकला की चौकट खूप आवळतो आणि त्याचा चांगला ऑटोफोकसही तिथे मिळत नाही. २०० डी मार्क २ चंही तसंच. आर५० चं ४के पूर्ण रुंदीचं आहे, पण एका रेकॉर्डिंगला एक तासाची मर्यादा आणि हेडफोन लावायला जागा नाही. मुलाखती आणि छोट्या कामाला तो सुरेख आहे. रात्रभराच्या आख्यानात, म्हणजे मुख्य कथेत, दर तासाला कोणीतरी बटण दाबायला जागं हवं, आणि ते नेमकं संवाद रंगात आल्यावरच करावं लागतं. निकॉनचा झेड३० दोन तासांवर थोडं जास्त चालतो, हेडफोन त्यालाही नाही.

कातळशिल्प

जुन्या कॅमेऱ्यांत २९ मिनिटं ५९ सेकंदांवर रेकॉर्डिंग बंद होतं, ते तापल्यामुळे का?

तिसरा डोळा

नाही, ते जकातीमुळे. युरोपात अर्धा तास किंवा त्याहून जास्त रेकॉर्ड करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा धरलं जायचं आणि त्यावर आयात शुल्क जास्त होतं. म्हणून कंपन्यांनी फोटोच्या कॅमेऱ्यांवर अर्ध्या तासाच्या आतली मर्यादा घातली. पुढे ते शुल्क गेलं आणि मर्यादाही हळूहळू गेल्या, पण जुनं मॉडेल घेताना ही गोष्ट तपासूनच घ्या. तापून बंद पडणं हा निराळा विषय. सोनीत 'ऑटो पॉवर ऑफ टेंपरेचर' हे हाय वर ठेवायचं आणि स्क्रीन बॉडीपासून लांब उघडून ठेवायची.

पायपेटी

एवढी चर्चा झाली आणि आवाजावर कोणी बोललं नाही. मी ध्वनीवाला आहे, म्हणून मला राहवत नाही. दशावतारात चित्र थोडं दाणेदार असलं तर पाहणारा सांभाळून घेतो, पण नटाचा संवाद कळला नाही तर त्या चित्रीकरणातून काय उरलं? ज्या संवादासाठी तुमची धडपड चाललीय तो कानांनी ऐकायचा आहे.

कॅमेऱ्यावर माइक लावून पंचवीस फुटांवरून काही हाती लागत नाही. मधली पोरं, खाजेवाल्याकडची गर्दी, मागे लावलेला जनरेटर हे सगळं आधी येतं. मंडपातल्या साउंडवाल्याला आदल्या दिवशी गाठा आणि त्याच्या मिक्सरमधून रेकॉर्ड आउट मागून घ्या. ती वायर थेट कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात खुपसू नका, लाइनचा आवाज तिथे फाटतो. लाइन इन घेणारा छोटा रेकॉर्डर वापरा. झूमचा एच१एन चालेल.

पण मिक्सरचा आवाज एकटा पुरत नाही. मृदंग आणि झांज मुळातच दणदणीत, साउंडवाला त्यांना माइक देतो तो नावापुरता. त्यामुळे मिक्सरच्या ट्रॅकवर संवाद मोठे आणि मृदंग पाण्याखाली वाजतोय असं येतं. जागेचा जो आवाज आहे तो दुसऱ्या माइकने घ्यावा लागतो. मांडाच्या बाजूला, वादकांच्या समोरच्या कडेला, माणसाच्या उंचीवर. दोन्ही ट्रॅक नंतर कानाने जुळवायचे. कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाजही चालू राहू द्या, जुळवणी त्याच्यावरूनच होते. आणि रेकॉर्डर रात्रभर एका दमात चालवू नका. कॅमेऱ्याचं आणि रेकॉर्डरचं घड्याळ अगदी एकसारखं चालत नाही, काही तासांनी ओठ आणि शब्द फारकत घेतात. आडदशावतार संपून आख्यान सुरू होण्याच्या मधल्या वेळात थांबवून पुन्हा सुरू करा.

ऐंशीतले दहा-बारा हजार आवाजाला बाजूला काढा, आणि ते आधी काढा.

ओवळी

पायपेटी, हे मी छापून ठेवते. साउंडवाला ओळखीचाच आहे. मृदंगाचं जे सांगितलंत ते अगदी तसंच होतं, आमच्याकडच्या एका जुन्या रेकॉर्डिंगमध्ये सगळे संवाद येतात आणि मृदंग वाजतो की नाही कळत नाही.

बांद्याहून

ताई, आधी एक सांगतो. कंपनीच्या मालकांशी बोलून ठेवा, देवस्थानाशी बोलून ठेवा. अख्खा प्रयोग यूट्यूबवर टाकणार की गावात जपून ठेवणार, हे त्यांना स्पष्ट सांगा. हंगामात रोज रात्री प्रयोग करून ही माणसं पोट भरतात. काही मालक आनंदाने हो म्हणतात, काहींना वाटतं की नेटवर फुकट बघायला मिळालं तर पुढच्या वर्षी बोलावणं कमी होईल. दोघांचंही बरोबर आहे. रंगपटात कॅमेरा नेणार असाल तर विचारल्याशिवाय नको, नट तिथे स्वतःच्या हाताने रंग लावत असतो आणि बहुतेकांना त्या वेळी कोणी मधे बोललेलं आवडत नाही.

दुसरं, बुरशी. कोकणात पावसाळ्यात लेन्स कपाटात ठेवली की संपली. वापरलेली लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून आतून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी सोडा. घरी रबर लावलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस-पन्नासच्या मधे राहिला पाहिजे. फार कोरडंही नको.

न्यू जर्सीचा बाबल्या

मूळ सावंतवाडीचा, हा धागा बघून फार बरा वाटला. डिसेंबरात गावी येतोय. इथे वापरलेली लेन्स किंवा जीएच५ चांगल्या भावात मिळतो, घेऊन येऊ का? अमेरिकेतला कॅमेरा तिकडे २५ फ्रेमवर चालतो का?

तिसरा डोळा

जीएच५ ला मेनूत सिस्टिम फ्रिक्वेन्सी बदलता येते, चालतो. सोनीतही पाल-एनटीएससी बदलता येतं, फक्त बदलल्यावर कार्ड पुन्हा फॉरमॅट करायला सांगतो, तेव्हा आधीचं चित्रीकरण उतरवून ठेवा. काही जुन्या मॉडेलांत मात्र हा पर्यायच नसतो, नाव कळवा, बघून सांगतो. तिकडची वॉरंटी इथे चालेलच असं नाही, तेव्हा बॉडीपेक्षा लेन्स आणणं सोयीचं. विमानतळावरच्या कस्टमचे नियम निघण्याआधी बघून घ्या.

ओवळी

बाबल्या, देव बरे करो! ५६ मिमी आणलीत तर मंडळातर्फे पैसे लगेच देऊ.

आमचं ठरत आलंय. जीएच५ चा मोह होता, पण मुलाखती बहुतेक मी एकटीच घेणार, आणि आमच्या तीन जत्रा ट्यूबलाइटवाल्या देवळांतल्या आहेत. म्हणून वापरलेला झेडव्ही-ई१०, सिग्मा ३० मिमी, झूमचा रेकॉर्डर. एक विचारायचंय: ४के घ्यायचं की फुल एचडी? कार्डं किती लागतील? आणि ट्रायपॉड कुठला?

रातकिडा

४के घ्या, आणि अंतिम चित्रफीत फुल एचडीत काढा. एकाच कॅमेऱ्यातून दोन शॉट मिळतात. अख्खा मांड तर आहेच, संपादनात त्याचाच पाव भाग कापून घेतलात की दहा फुटांची चौकट तयार, आणि स्पष्टता फुल एचडीचीच.

कार्डाचा हिशोब असा. सेकंदाला १०० मेगाबिटच्या रेकॉर्डिंगला तासाला ४५ जीबी, ६० ला २७ जीबी. सहा तास धरलेत तर १०० ला २७० जीबी होतात. तुमच्यासारख्या बांधलेल्या शॉटला ६० पुरे, म्हणजे १२८ जीबीची दोन कार्डं आणि मधल्या वेळात अदलाबदल. कार्ड यू३, व्ही३० लिहिलेलं आणि ओळखीच्या दुकानातूनच, कारण नकली माल फार आहे. घरी आल्या आल्या दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा.

वीज टाइप-सी ने देता येते. मंडपाच्या बोर्डातून थेट देऊ नका, मधे मोठी पॉवर बँक ठेवा. दिवे गेले तरी रेकॉर्डिंग तुटत नाही, आणि जत्रेत दिवे जातातच.

ट्रायपॉड हलका नको. पुढची पोरं उठून पळाली की जमीन हलते, विशेषतः लाकडी फळ्यांवर. लग्नवाले हंगाम संपला की जुने जड ट्रायपॉड विकतात, फ्लुइड हेडवाला बघा. पायांच्या मधे खाली हूक असेल तर वाळूची पिशवी टांगा. उंची अशी हवी की लेन्स बसलेल्या प्रेक्षकांच्या डोक्यावरून जाईल पण नटाच्या छातीपेक्षा वर जाणार नाही. फार वरून घेतलं की मुकुट मोठा दिसतो आणि डोळे दिसत नाहीत.

पायपेटी

रेकॉर्डरला ताजे सेल, आणि हेडफोन कानाला लावूनच रेकॉर्डिंग सुरू करायचं. त्या साउंडवाल्याचा मिक्सर कुठला आहे ते कळवा, मागच्या बाजूचा फोटो टाकलात तर कुठली वायर आणायची ते सांगतो.

ओवळी

उद्या जाऊन फोटो काढून आणते. मागे लाल-पांढऱ्या दोन गोल पिना दिसल्यासारख्या वाटतात.

पायपेटी

मग आरसीए असणार. दोन आरसीए ते ३.५ मिमी स्टीरिओ, तीन मीटर लांब घ्या, आणि एक जास्तीची घ्या.